सायीतून निघालेला आकडा

दूध तापवून गार झालं की वर साय धरते. या सायीतली चरबी दुधात मुळात बारीक बारीक थेंबांच्या रूपात तरंगत असते आणि प्रत्येक थेंबाभोवती एक पातळ पापुद्रा असतो. हा पापुद्रा येतो स्तनातल्या दूध बनवणाऱ्या पेशीकडून. पेशी चरबीचा थेंब बाहेर ढकलते, तेव्हा थेंब जाता जाता पेशीच्याच आवरणाचा तुकडा अंगावर ओढून नेतो. त्या आवरणावर केसाळ दिसणारं एक लांबलचक प्रथिन असतं. त्याचं नाव म्यूक-१.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲमस्टरडॅममध्ये हिल्केन्स आणि त्यांचे सहकारी आईच्या दुधातले हे पापुद्रे वेगळे काढून उंदरांना टोचत होते. परकं काही अंगात शिरलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, तशी ती उंदरांनीही केली. त्यातल्या एका प्रतिपिंडाला ११५डी८ हा क्रमांक मिळाला. त्याच सुमारास बोस्टनमध्ये डोनाल्ड क्यूफ यांच्या गटाने यकृतात पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी वापरून दुसरं प्रतिपिंड बनवलं, डीएफ३. पहिल्या नावातले १५ आणि दुसऱ्यातले ३ घेतले की होतं सीए १५-३. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारांत सगळ्यात जास्त वेळा लिहून दिली जाणारी मार्करची, म्हणजे रक्तातल्या कॅन्सरच्या खुणेची, तपासणी ती हीच. पुष्कळांना हे १५-३ म्हणजे एखादी पातळी किंवा स्टेज वाटते. ‘पंधरा ते तीन’ असंही वाचलं जातं. तो फक्त दोन प्रतिपिंडांच्या नावांचा जोड आहे.

दुधातलं प्रथिन रक्तात कसं येतं? निरोगी स्तनात दूध बनवणाऱ्या पेशी नळीच्या भोवती विहिरीच्या चिऱ्यांसारख्या शिस्तीत बसलेल्या असतात. म्यूक-१ त्यांच्या फक्त एकाच बाजूला असतं, नळीकडच्या. त्यामुळे ते जातं ते दुधाबरोबर, आणि रक्ताच्या बाजूला फारसं फिरकत नाही. पेशी कॅन्सरची झाली की आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे भानच तिला राहत नाही. प्रथिन तिच्या सगळ्या अंगावर उगवतं, जास्तही उगवतं, त्याचे बाहेरचे तुकडे तुटतात आणि जवळच्या रक्तवाहिन्यांत मिसळतात. म्हणजे हा काही कॅन्सरने बनवलेला खास पदार्थ नाही. शरीरात नेहमी असणारीच वस्तू चुकीच्या जागी सांडलेली आहे. या तपासणीचे गुण आणि दोष दोन्ही इथूनच सुरू होतात.

प्रयोगशाळेत एक प्रतिपिंड तळाला चिकटवलेलं असतं. त्यावर रक्ताचा पातळ भाग ओतला की म्यूक-१चे तुकडे त्याला अडकतात. मग वरून दुसरं प्रतिपिंड सोडतात, ज्याला चमकणारी खूण बांधलेली असते. मधे प्रथिन, वरखाली प्रतिपिंड, म्हणून याला सँडविच पद्धत म्हणतात. जितकी चमक तितका आकडा. एकसारखी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची युक्ती केंब्रिजमध्ये ज्यॉर्ज कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये काढली नसती तर यातलं काहीच शक्य झालं नसतं. त्या दोघांना १९८४ मध्ये नोबेल मिळालं.

रिपोर्टवर सीए १५-३ची नॉर्मल मर्यादा बहुधा दर मिलिलिटरला २५ किंवा ३० युनिटच्या आसपास छापलेली असते. काही ठिकाणी सीए २७.२९ नावाची तपासणी करतात, तिची मर्यादा साधारण ३८. ती त्याच म्यूक-१ला दुसऱ्या प्रतिपिंडाने पकडते, त्यामुळे दोन्ही एकदम करणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे मोजणं. जोडीला बरेचदा सीईए असतो. तो वेगळा पदार्थ आहे, आणि त्याची गोष्ट थोडी सांगायला हवी.

१९६५ मध्ये मॉन्ट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एक पदार्थ सापडला. तो गर्भाच्या आतड्यातही होता, पण मोठ्यांच्या निरोगी आतड्यात त्यांना दिसला नाही. आता रक्ताच्या एका थेंबात कॅन्सर दिसणार, अशी आशा तेव्हा जगभर पसरली. मग तपासण्या वाढल्या आणि सीईए सापडू लागला सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात, यकृत बिघडलेल्यांच्या रक्तात, स्तन आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्येही. ज्यांच्या आतड्यात लहानशी गाठ खरोखर होती अशा अनेकांच्या रक्तात मात्र तो वाढलेलाच नव्हता. पुढे आलेल्या बहुतेक मार्करांच्या नशिबी हेच आलं. आधी गाजावाजा, मग मर्यादा कळणं, मग एका कोपऱ्यातलं पण खरंखुरं काम.

सीए १५-३च्या मर्यादा आकड्यांत मांडता येतात. स्तनाचा कॅन्सर पहिल्या स्टेजला असतो तेव्हा शंभरातल्या साधारण दहाच बायकांचा आकडा मर्यादेच्या वर जातो. दुसऱ्या स्टेजला वीसेक, तिसऱ्याला चाळीसच्या आत-बाहेर. रोग हाडांत, यकृतात, फुप्फुसात पसरलेला असेल तेव्हा कुठे पाऊणशेपर्यंत. गाठ लहान असताना सांडायलाच फार काही नसतं. आणि रोग पसरलेला असूनही ज्यांचा मार्कर वाढतच नाही अशाही चारात एक निघते. तिच्यासाठी ही तपासणी मुकी आहे. ‘मार्कर नॉर्मल आहे’ हे वाक्य तिला काहीच सांगत नाही.

तरीही वाढदिवसाच्या सवलतीत मिळणाऱ्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ‘कॅन्सर मार्कर पॅनल’ नावाचं खातं असतंच. एक हिशेब करून पाहू, आकडे फक्त गणितापुरते. चाळिशीतल्या एक हजार निरोगी वाटणाऱ्या बायका. त्यात दोघींना अजून न कळलेला, लहानसा कॅन्सर आहे असं धरू. नॉर्मल मर्यादा अशी आखलेली असते की थोड्या निरोगी बायका तिच्यावर जाणारच. शंभरात पाच धरल्या तर पन्नास झाल्या. आणि त्या दोघींपैकी एकीचाही आकडा वाढलेला नसण्याची शक्यताच जास्त. म्हणजे पन्नास घरांत रडारड, सोनोग्राफ्या, पेट स्कॅन, कर्ज, आणि खरा रोग असलेल्या दोघी हसत घरी. छातीत गाठ लागली तर तिथे मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सीच लागते. रक्ताच्या रिपोर्टवर स्तनाच्या कॅन्सरचं निदान होत नाही.

निरोगी माणसाचा आकडा कशाने वाढतो याची यादी मोठी आहे, पण त्यातल्या काही गोष्टी आपल्याकडे अगदी घरगुती आहेत. जुनाट कावीळ आणि सिरॉसिस, कारण यकृत बिघडलं की हा कचरा साफ व्हायला वेळ लागतो. स्तनातल्या साध्या, कॅन्सर नसलेल्या गाठी. गरोदरपण आणि अंगावर पाजण्याचे महिने, ज्याचं कारण वर आलंच आहे. आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. ही शेवटची मला फार महत्त्वाची वाटते. बी-१२ खूप घसरून त्यापायी पंडुरोग झाला असेल तर सीए १५-३ वाढलेला सापडतो आणि इंजेक्शनं घेतल्यावर खाली येतो. शाकाहारी घरांत ही कमतरता किती पसरलेली आहे हे पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं दाखवून दिलं आहे. स्तनाच्या कॅन्सरचे उपचार पूर्ण झालेली, उपासतापास करणारी, थकलेली बाई. तिचा मार्कर पाच-दहा युनिटांनी वर गेला तर घरच्यांनी कॅन्सर परतला असं समजण्याआधी बी-१२ पाहून घेणं शहाणपणाचं. शेजारच्या सीए १२५ची गतही तशीच. तो अंडाशयाच्या कॅन्सरसाठी वापरतात, पण पोटाच्या टीबीमध्येही तो इतका चढतो की चांगले डॉक्टरही क्षणभर फसतात.

आता सगळ्यात अवघड जागा. ऑपरेशन झालं, केमो झाली, रेडिएशन झालं, डॉक्टर म्हणाले, ‘आता सहा महिन्यांनी या.’ भीतीचा खरा मुक्काम इथेच असतो. उपचार चालू असतात तेव्हा निदान काहीतरी चाललेलं असतं. संपल्यावर बाईला वाटतं की आता पहाऱ्याला कुणीच नाही. मग मार्कर मागितला जातो. डॉक्टरने लिहून दिला नाही तर नणंद म्हणते, ‘वहिनी, तपासून घ्यायला काय जातंय?’ आणि लॅबवाला घरी येऊन रक्त घेऊन जातो.

काय जातं याचं उत्तर इटलीतून आलं. तिथे दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि दोन्हींचे निकाल १९९४ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आले. एकीत १,३२० बायका होत्या. निम्म्यांना ठरावीक वेळी छातीचा एक्स-रे, बोन स्कॅन, यकृताची सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या. उरलेल्यांना नेहमीची भेट, अंगाची तपासणी, मॅमोग्राफी, आणि काही तक्रार असेल तरच पुढच्या तपासण्या. कसून पहारा ठेवलेल्या बायका जास्त जगल्या नाहीत. दुसऱ्या चाचणीत, हजाराच्या वर बायकांत, दर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि बोन स्कॅन करूनही तेच.

हे पटायला जड जातं, कारण ‘लवकर कळलं तर बरं’ हे आपल्या हाडीमासी भिनलेलं आहे. पहिल्या गाठीबद्दल ते खरंही आहे. पण हाडात किंवा यकृतात पुन्हा उगवलेला रोग सहसा समूळ जात नाही, त्याला आवरून ठेवता येतं. आवरणारी औषधं पाठ दुखू लागल्यावर सुरू केली आणि दुखण्याच्या पाच महिने आधी सुरू केली, तर शेवटची तारीख फारशी हलत नाही. हलते ती फक्त कळण्याची तारीख. ते पाच महिने बाई बिनघोर जगली असती, ती आता धास्तावून जगते. या चाचण्या जुन्या औषधांच्या काळातल्या आहेत, हा आक्षेप रास्त आहे. तरी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने २०१२ मध्ये ‘हे करू नका’ म्हणून जी पाच गोष्टींची यादी काढली, तिच्यात हेही होतं: स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या आणि काहीही तक्रार नसलेल्या बाईला मार्कर आणि स्कॅन करत बसू नका. दुसऱ्या स्तनाची आणि राहिलेल्या भागाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी मात्र चुकवायची नाही, कारण तिथे नवी गाठ बरी होण्यासारखी सापडू शकते.

मग ही तपासणी करायची कुणी? ज्यांचा रोग पसरलेला आहे आणि औषध चालू आहे त्यांनी. तिथे तिला खरं काम आहे. स्कॅन दर तीन महिन्यांनी करायचा तर पैसे, रेडिएशन आणि यवतमाळहून मुंबईची खेप. रक्त मात्र गावात देता येतं आणि पेट स्कॅनच्या मानाने ते फारच स्वस्त पडतं. हाडांतल्या रोगात तर मार्करचा उपयोग जास्तच, कारण हाडांचा स्कॅन वाचणं कठीण असतं. औषधाने हाड भरून येत असतं तेव्हाही ते स्कॅनवर आधीपेक्षा ठळक दिसतं आणि रोग वाढल्याचा भास होतो. स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर नावाचा एक प्रकार पोटाच्या पडद्यावर पातळ थरासारखा पसरतो. गाठ अशी होतच नाही, मग स्कॅनला मापायला काही मिळत नाही. तिथेही आकड्यांची मदत होते.

पण इथेही एक सुटा आकडा बिनकामाचा. मनातलं एक उदाहरण घेऊ. नवं औषध सुरू होण्याच्या दिवशी आकडा २१२. तो तुलनेचा पाया, तो घेतलाच पाहिजे. चार आठवड्यांनी २६८. घरात सन्नाटा. आठ आठवड्यांनी १९०, मग ११८, सहा महिन्यांनी ६१. पुढे ४४, ४७, ४३. दीड वर्षाने ५८, मग ८१.

ते २६८ काय होतं? औषध लागू पडलं की कॅन्सरच्या पेशी घाऊक मरतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं सामान रक्तात ओतलं जातं. त्यामुळे उपचाराच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत, कधी त्याहून थोडं पुढेही, आकडा उलट चढू शकतो. याला डॉक्टर ‘फ्लेअर’ म्हणतात. त्या चढावर घाबरून औषध बदललं तर लागू पडलेलंच औषध हातचं जातं. ४४, ४७, ४३ या तिन्हींचा अर्थ एकच. तेवढा फरक शरीराच्या रोजच्या चढउतारातून आणि यंत्राच्या चुकीतून येतो. साधारण पंचवीस टक्क्यांहून कमी फरकाकडे कुणी बातमी म्हणून पाहू नये. ५८ हा आकडा लक्ष वेधतो, पण तेवढ्यावर निर्णय होत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. ८१ आला, म्हणजे दिशा ठरली. आता स्कॅन करायचा, पाठीवर हात फिरवून पाहायचा, वजन बघायचं, यकृताच्या तपासण्या बघायच्या. एकट्या मार्करवर औषध बदलू नये, हे जवळपास सगळ्या मार्गदर्शक सूचनांत सापडतं. आपल्याकडे ते सर्वांत जास्त मोडलं जातं, असं मला वाटतं. त्याचं कारण डॉक्टरांचं अज्ञान नसतं. रिपोर्टची पीडीएफ रात्री अकराला थेट मोबाईलवर येते, ८१ ठळक अक्षरात छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि सकाळपर्यंत तो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरून आलेला असतो. समोर बसलेल्या दहा नातेवाइकांना ‘काही करू नका, थांबा’ सांगणं फार अवघड काम आहे.

लॅब बदलली की मोजमापच बदलतं, हे मात्र कुणीच सांगत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटमध्ये तेच रक्त वेगळा आकडा देतं. एक रिपोर्ट परळचा, दुसरा नागपूरचा, तिसरा सवलत मिळाली म्हणून ऑनलाइनचा, अशी माळ ओवली तर ती वर चालली की खाली हे देवालाच माहीत. शक्यतो एकच लॅब, एकच पद्धत. ती बदलावीच लागली तर त्या दिवसाचा आकडा तुलनेचा नवा पाया धरायचा.

केमोनंतर केस परत यावेत म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात, आणि काही यंत्रं ही तपासणी करताना बायोटिनलाच चिकटपट्टीसारखं वापरतात. गोळीतलं भरपूर बायोटिन रक्तात असेल तर सँडविच नीट जमत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरला या गोळ्यांबद्दल सांगावं. काहींच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांनाच धरणारे घटक असतात, त्यांच्यामुळे आकडा खोटा वरही जातो. सगळं ठीक असताना आकडा एकदम भलताच आला तर दुसऱ्या पद्धतीने तपासून बघणं हा त्यावरचा साधा उपाय.

नव्या तपासण्यांकडे लोक आता आशेने बघत आहेत. त्यातली एक रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या अख्ख्या पेशी मोजते. साडेसात मिलिलिटर रक्तात अशा पाच किंवा जास्त पेशी असतील तर पुढचा काळ कठीण, हे २००४ मध्ये १७७ बायकांच्या अभ्यासातून दिसलं. मग अमेरिकेत एक चाचणी झाली. पहिल्या केमोनंतरही पेशी कमी झाल्या नाहीत अशा बायकांपैकी काहींचं औषध लगेच बदललं, काहींचं चालू ठेवलं. २०१४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत जगण्यात फरक नव्हता. औषध चालत नाही ही बातमी लवकर मिळाली, पण बदलून दिलेली केमोही फार चालली नाही.

दुसरी तपासणी रक्तात तरंगणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांची. म्यूक-१ निरोगी पेशीतही असतं. कॅन्सरच्या जनुकातली विशिष्ट चूक मात्र सहसा फक्त कॅन्सरच्या पेशीत असते, त्यामुळे तिचा तुकडा सापडला तर तो कुणाचा यावर वाद कमी. २०१३ मध्ये रोग पसरलेल्या तीस बायकांच्या एका छोट्या अभ्यासात हे तुकडे एकोणतीस जणींत सापडले. सीए १५-३ मात्र ज्या सत्तावीस जणींचा मोजला त्यातल्या एकवीस जणींतच वाढलेला होता.

या डीएनएमधून आकड्यापेक्षा वेगळी एक गोष्ट वाचता येते. हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बायकांत कॅन्सरच्या पेशी कधी कधी ईएसआर-१ नावाच्या जनुकात बदल करून त्या गोळ्यांना चकवतात. तो बदल रक्तात दिसतो, स्कॅनवर रोग वाढलेला दिसण्याच्या कितीतरी आधी. सेरेना-६ नावाच्या चाचणीत दर दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासून, हा बदल दिसताच काहींची हार्मोनची गोळी बदलून कॅमिझेस्ट्रंट दिलं. त्यांचा रोग साधारण १६ महिने आटोक्यात राहिला. जुनीच गोळी चालू ठेवलेल्यांचा राहिला ९.२ महिने. इथे लवकर कळण्याबरोबर त्या विशिष्ट बदलावर चालणारी गोळीही हातात होती. २०२५ मध्ये हे निकाल मांडले गेले तेव्हा त्या बायका एकूण किती जगल्या, याचा हिशेब पुरा व्हायचा होता.